डाव्या हाताला काय आहे

प्रिय वन्सं,

हे पत्र तुम्ही स्वतः वाचा. लेकीकडून वाचून घेऊ नका, आणि वाचून झालं की उशीखाली ठेवू नका, कारण चादरी तीच बदलते. हे सगळं फोनवर बोलता आलं असतं. पण अपघातापासून तुम्ही लेकीकडे, आणि तिथला फोन जेवणाच्या टेबलावर पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवलेला असतो, स्पीकर लावलेला असतो, आणि आपण दोघींनी काय बोलायचं ते अख्खं घर ऐकतं. मला अख्ख्या घराशी बोलायचं नाही. जन्मभर माईकसमोर उभी राहिलेल्या बाईने असं म्हणावं याचं तुम्हाला हसू येईल. येऊ द्या. मनगटाचं प्लास्टर निघालं हे ऐकून बरं वाटलं. व्यायामासाठी दिलेला तो मऊ चेंडू तुम्ही फक्त टीव्हीवर बातम्या लागल्या की दाबता, एरवी हात लावत नाही, असंही कळलं. बातम्या पाहता मनगट लवकरच बरं होईल.

तर गाडी. गाडी अजून करूनटाकूच्या शेडमध्ये उभी आहे. त्याचं हे नाव तुम्हीच ठेवलं, आणि आता त्याच्या कामगारांनाही ते पाठ झालं आहे. काल मी तिथे गेले तेव्हा त्याने माझ्यासाठी टायर आडवं करून त्यावर पुठ्ठा टाकला आणि बसा म्हणाला. समोरून बघितलं तर गाडी ओळखू येत नाही. बॉनेटची मधोमध घडी पडली आहे, रेडिएटर इंजिनावर जाऊन बसला आहे, माझ्या बाजूचा दिवा नाही, माझ्या बाजूचं दार उघडत नाही आणि काचेवर कोळ्याचं जाळं पसरलं आहे. मागून बघितलं तर मात्र काहीच झालेलं नाही. डिकीत तुमची छत्री, माझ्या पत्रकांचा गठ्ठा, सगळं जिथल्या तिथे. करूनटाकूला विचारलं, होईल का पूर्वीसारखी, तर तो म्हणाला, ‘करून टाकू की.’ मग विचारलं, की विकलेली बरी, तर म्हणाला, ‘तेही करून टाकू.’ या माणसाला निवडणुकीला उभं करायला हवं. खालची चौकट वाकली आहे का हे गाडी वर उचलल्याशिवाय कळणार नाही, आणि आपलं नक्की ठरल्याशिवाय तो गाडी उचलणार नाही. वाकली असेल तर नाकापेक्षा मोती जड होणार. विमा होता तो समोरच्याच्या नुकसानीचा. आपला समोरचा म्हणजे पुलाचा कठडा, आणि त्याला ओरखडाही गेलेला नाही.

तुमचा निरोप आहे की गाडी दुरुस्तच करायची. तुमच्या लेकीचा निरोप आहे की मामी, विकून टाका, आई आता गाडी चालवणार नाही. गाडी माझ्या नावावर. त्यामुळे एकीला हो म्हटलं की दुसरीला नाही म्हटल्यासारखं होणार, आणि गाडी दारात आली की तुम्ही स्टिअरिंगवर बसणार, हे आपल्या तिघींनाही ठाऊक आहे. प्रश्न पत्र्याचा नाहीच. तुम्ही पुन्हा गाडी चालवायची की नाही, हा आहे. पत्रा आपला उगाच मध्ये उभा आहे.

ह्यांची आठवण म्हणून गाडी ठेवावी असं मला अजिबात वाटत नाही. तुमच्या भावाची आठवण ठेवायला मला चार चाकं लागत नाहीत. तसंही ते गाडी चालवायचे कमी आणि पुसायचे जास्त. ते गेल्यावर गाडी ताडपत्रीखाली पडून होती. तुम्ही तेव्हा नुकत्या माझ्याकडे राहायला आला होतात, नोकरीतून सुटलेल्या, नवऱ्यामागे एकट्या, आणि भावाच्या घरी आपलं ओझं होईल या भीतीने दिवसातून तीनदा ओटा पुसणाऱ्या. मी एका सभेला जायला रिक्षा मिळेना म्हणून दारात चिडून उभी होते. तुम्ही मागून म्हणालात, ‘वहिनी, मी शिकले तर?’ मी म्हटलं, ‘वन्सं, या वयात?’ हे माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मागासलेलं वाक्य. सुदैवाने ते कोणी लिहून घेतलं नाही. तुम्ही शिकलात. शिकवणाऱ्याला तिसऱ्याच आठवड्यात म्हणालात की तुम्ही जरा गप्प बसाल तर मला इंजिन ऐकू येईल. त्यानंतर माझी एकही सभा चुकली नाही. ज्या गावाला दिवसातून एकच गाडी जाते तिथेही आपण गेलो. आयोजक पुढचं दार उघडून पुरुष ड्रायव्हर शोधायचे, आणि तुम्ही किल्ली बोटात फिरवत विचारायच्या, की चहा ड्रायव्हरला पण मिळतो ना.

मी तुम्हाला व्यासपीठावरूनही वापरलं, हे तुम्हाला माहीत आहे. नणंद-भावजयीचं हाडवैर हे दुसऱ्यांनी आपल्या सोयीसाठी रचलेलं नाटक आहे, असं म्हणायचं, मग शेवटच्या रांगेत तुमच्याकडे बोट दाखवायचं आणि सांगायचं, की मला इथवर आणणारी माझी नणंद आहे आणि परतही तीच नेणार आहे. टाळ्या पडायच्या. तुम्ही मान खाली घालून पर्समध्ये काहीतरी शोधायच्या. परतीच्या वाटेवर म्हणायच्या, ‘आज बोट दाखवताना जरा खाली दाखवलंत, लोकांना वाटलं बाकाबद्दल बोलताय.’

मधल्या काळात इथे एक गंमत झाली. तुमच्या लेकीने करूनटाकूला परस्पर फोन केला आणि सांगितलं, गाडी काढायची आहे. त्याच सकाळी तुम्हीही त्याला फोन करून सांगितलंत, गाडी लवकर काढा. तुम्हाला म्हणायचं होतं की शेडमधून बाहेर काढा, रस्त्यावर आणा. तिला म्हणायचं होतं की विकून मोकळे व्हा. त्या बिचाऱ्याला वाटलं, मायलेकींचं एकमत झालं. त्याने दुपारी एक गिऱ्हाईकच माझ्या दारात आणून उभं केलं. मला वाटलं हा गाडी पोचवायला आलेला माणूस, म्हणून मी त्याला चहा दिला, गाडी नीट चालते का विचारलं. तो गोंधळून म्हणाला, ‘बाई, ते तुम्ही सांगायचं.’ अर्धा तास आम्ही एकमेकांशी अत्यंत आदराने वेगवेगळ्या विषयांवर बोलत होतो. जाताना तो सांगून गेला की आहे तशी घ्यायला तो तयार आहे, सुटे भाग करून विकेल. मी म्हटलं, कळवते. आपली भाषाही अशी, की घ्यायची तरी गाडी काढायची, चालवायची तरी काढायची, आणि विकायची तरी काढायचीच.

त्या संध्याकाळी मी तुमच्या लेकीला फोन केला आणि तिच्यावर बरसले. तुम्ही तेव्हा दवाखान्यात गेला होतात. मी तिला म्हटलं, की मुलं आईवडिलांच्या हातातून आधी किल्ली घेतात, मग पैशाचा व्यवहार घेतात, मग विळी-सुरी घेतात, आणि शेवटी त्यांच्या तोंडचं वाक्य पुरं करायला लागतात, आणि या सगळ्याला काळजी म्हणतात. म्हटलं, एका बाईने उतारवयात स्वतःच्या हिमतीवर मिळवलेली एक गोष्ट तू एका अपघाताच्या नावाखाली काढून घेणार असशील तर मी जाहीर सभेत तुझ्याविरुद्ध बोलेन. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, ‘मामी, मी तिचे केस धुते, तिला एका हाताने धुता येत नाहीत म्हणून. तेव्हा ती मला काय काय सांगते. किल्लीचं मला काही नाही. मला फक्त भीती वाटते.’ मी भाषणं खूप दिली, पण भीती वाटते असं सरळ म्हणणाऱ्या माणसाला कसं उत्तर द्यायचं ते अजून नीट येत नाही. मग तिने मला एक प्रश्न विचारला. तो मी शेवटी लिहिते, कारण त्याच्याआधी मला तुमच्याशी काही बोलायचं आहे.

वन्सं, माझ्या ओठाला टाके पडले तेव्हा डॉक्टरांनी मला बोलायची बंदी केली होती. शत्रूंनी इतकी वर्षं प्रयत्न करून जे जमलं नाही ते एका कठड्याने केलं, असं वाचनालयाचे चिटणीस म्हणाले म्हणे. मी घरात पाटी घेऊन बसायची. दूधवाल्याला ‘उद्या नको’ लिहून दाखवायची. न बोलणाऱ्या माणसाला वेळ फार असतो, हे मला या वयात समजलं. एरवी मी एखादी गोष्ट आठवते ती दुसऱ्याला सांगण्यासाठी, आणि सांगायला लागलं की तिला आपोआप आकार येतो, जिथे टाळी पडेल तिथे ती वळते. या वेळी सांगायला कोणी नव्हतं. म्हणून ती दुपार मला जशी होती तशी दिसायला लागली.

टळटळीत दुपार होती. रस्ता मोकळा होता. आपण वाचनालयाच्या सभेला निघालो होतो आणि मला भाषणाचा शेवट सापडत नव्हता, म्हणून मी मांडीवर कागद घेऊन खाली बघून खोडाखोड करत होते. गाडी एका बाजूला ओढली जाते आहे असं मला जाणवलं, मी मान वर केली, आणि पुलाचा कठडा माझ्या काचेत होता. तुम्ही ब्रेक लावला तो आदळल्यानंतर. लोक धावत आले तेव्हा तुम्ही म्हणालात, कुत्रं आडवं आलं. माझ्या तोंडात रक्त होतं. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मी मान हलवली. त्या क्षणी मला ते खरंच वाटलं असेल, मला माहीत नाही. पण त्या लोकांना तुम्ही तपकिरी कुत्रं सांगितलंत. दवाखान्यात डॉक्टरांना सांगितलंत की पांढरं होतं, म्हणून उन्हात दिसलं नाही. करूनटाकू म्हणतो, त्याला तुम्ही काळं सांगितलं. एवढी कुत्री एका पुलावर असती तर मला एक तरी दिसलं असतं.

आणि मग, पाटी घेऊन बसलेली असताना, मला ते दुसरं आठवलं. गेल्या वर्षापासून तुम्ही एक खेळ सुरू केला होता. गाडी फाटकाबाहेर पडली की म्हणायच्या, ‘हं वहिनी, करा सुरू. डाव्या हाताला काय काय आहे ते सांगत चला, नाहीतर मला झोप येते.’ आणि मी सुरू करायची. चपलांचं दुकान, बंद. सायकलवाला, घाईत, एका हाताने विडी सांभाळतोय. बाई, दोन पिशव्या, कोणावर तरी चिडलेली. शाळेची भिंत, भिंतीवर कोणीतरी गाढव लिहिलंय, शुद्धलेखन बरोबर. मैलाचा दगड. पूल आला, कठडा, कठड्यावर दोन पोरं पाय सोडून बसलीत. तुम्ही हसायच्या आणि स्टिअरिंग किंचित उजवीकडे घ्यायच्या. मला वाटायचं, वन्सं माझ्या बोलण्यावर इतक्या खूश आहेत की रस्त्यातही त्यांना ते हवं असतं. मी तर दुकानांच्या पाट्यांना विशेषणं लावायला लागले होते. तुम्ही माझे डोळे उसने घेत होतात आणि मी त्याला वाहवा समजत होते. वक्त्याची जातच अशी, कोणी जांभई दिली तरी तोंड उघडून ऐकतोय असं वाटतं.

त्या दुपारी मी बोलत नव्हते. भाषणाचा शेवट शोधत होते. मी बोलले नाही आणि तुमच्यासाठी डावी बाजू उरलीच नाही. हे मी अपराध म्हणून लिहीत नाही. जे काम मला दिलंय हे मला कोणी सांगितलंच नव्हतं, ते चुकलं म्हणून मी रडत बसणार नाही, आणि तुम्हीही मला तसं म्हणायचं नाही. पण आता एकदा कळल्यावर बाकीचं सगळं ओळीने येऊन उभं राहिलं. फाटकाच्या खांबाला दोनदा घासलेला आरसा, तोही माझ्याच बाजूचा. जेवताना ताटाच्या डावीकडे वाढलेलं तुम्ही विसरत होतात, आणि मी म्हणत होते की वन्संची भूक कमी झाली. मी डावीकडून आले की दचकायच्या, आणि मी म्हणायची, काय भूत बघितलंत का. तुम्हाला समोरचं स्वच्छ दिसतं. बारीक अक्षरातली बातमीसुद्धा तुम्ही चष्म्याशिवाय वाचून दाखवता, त्यामुळे डोळ्यांवर शंका घ्यायचं कोणाच्या मनातच आलं नाही. पण तुमच्या मनात ते होतं. वर्षभर होतं. ज्याला माहीत नसतं तो डावीकडचं विचारत नाही.

तुम्ही का सांगितलं नाहीत हे मला समजतं. सांगितलं असतं तर मी काय केलं असतं? मोठ्याने भाषण ठोकलं असतं, तुम्हाला दवाखान्यात ओढत नेलं असतं आणि गाडीवर ताडपत्री टाकली असती. तुमच्या हातून किल्ली घेणारी पहिली मी झाले असते, तुमची लेक नव्हे. तुम्हाला माझ्या घरात पुन्हा दिवसातून तीनदा ओटा पुसणारी बाई व्हायचं नव्हतं. पण वन्सं, बाईच्या हातात चाक असावं असं मी गावोगाव ओरडत फिरले ते तिला स्वतःच्या आयुष्याचं खरं खरं बघता यावं म्हणून. दिसत नसताना दिसतंय असं दाखवायला लागणं याला मी स्वातंत्र्य म्हणणार नाही, मग चाक कोणाच्याही हातात असो. त्या कठड्यावर बहुतेक दुपारी पोरं बसलेली असतात. त्या दुपारी नव्हती.

आता तो प्रश्न. तुमच्या लेकीने मला विचारलं, ‘मामी, खरंच कुत्रं होतं का?’ मी उत्तर टाळलं. मी उत्तर टाळते हे तिने आयुष्यात पहिल्यांदा बघितलं, तेव्हा तिला अर्धं उत्तर तिथेच मिळालं असणार. रविवारी ती माझ्याकडे येते आहे, गाडीच्या कागदांच्या निमित्ताने, आणि पुन्हा विचारणार. मी तिच्याशी खोटं बोलणार नाही. म्हणून हे पत्र. तुम्हाला आठवतं का, मामंजी म्हातारपणी येता-जाता दाराच्या चौकटीला खांदा आपटून घ्यायचे आणि आपण सगळे त्यांना वेंधळे म्हणून हसायचो. पेपर मात्र शेवटपर्यंत स्वतः वाचायचे. मी वाचलं आहे की डोळ्यांचा एक आजार असा कडेकडेने आत येतो, दुखत नाही, खुपत नाही, आणि तो घराण्यात चालत येतो. लवकर कळला तर थेंबांनी तिथल्या तिथे थांबवता येतो. तुम्हाला तोच आहे की दुसरं काही, ते डॉक्टर बघतील. पण तुमच्या वडिलांना असेल, तुम्हाला असेल, तर पुढे कोण आहे ते मी लिहायला नको. ती चाळिशी ओलांडून गेली आहे आणि रोज गाडी चालवत कामावर जाते. तिला हे कळलंच पाहिजे, आणि ते मामीकडून कळू नये, आईकडून कळावं. तुमचे डोळे तुमचे आहेत, म्हणून सांगण्याचा पहिला मान तुमचा. शनिवारी ती केस धुवायला बसवेल तेव्हा सांगा, तेव्हा तोंड बघावं लागत नाही. मग दोघी मिळून डॉक्टरांकडे जा, दोघींनी तपासून घ्या. सोमवारी मी करूनटाकूला कळवणार आहे. तुम्ही तिला सांगितलं असेल तर गाडी दुरुस्त होईल, चौकट वाकलेली असली तरी होईल, आणि स्टिअरिंगवर कोण बसायचं ते मग बघू. तुम्ही, पगारी ड्रायव्हर, नाहीतर मी, आणि यावर हसलात तरी चालेल. सांगितलं नसेल तर रविवारी मी सांगेन आणि सोमवारी गाडी त्या सुट्या भागवाल्याला देऊन टाकेन. मी हे तुम्हाला धाक म्हणून लिहीत नाही. तुम्ही परत इथेच राहायला याल, तुमची खोली झाडून ठेवली आहे, गाडी असली तरी आणि नसली तरी. फक्त आधी तिला सांगून या.

तुमचीच,
वहिनी